व्हिसाच्या खिडकीपुढची साक्ष

शास्त्रपाठ : नहेम्या, अध्याय १ व २, प्रेषितांची कृत्ये १६:६-१०, याकोब ४:१३-१५



मे-जूनचे दिवस आले की आपल्या मंडळ्यांच्या प्रार्थनासभांतून एक विनंती हमखास ऐकू येते : "आमच्या मुलाची व्हिसाची मुलाखत आहे, त्याच्यासाठी प्रार्थना करा." बेळगाव असो, वडोदरा असो, इंदूर असो की हैदराबाद असो, आजाऱ्यांच्या आणि परीक्षार्थींच्या यादीत आता परदेशी शिकायला निघालेल्यांचीही नावे असतात. यात गैर काहीच नाही. ज्या देवाने आपल्या डोक्यावरचे केस मोजले आहेत, त्याला आपल्या लेकरांचे अर्ज व मुलाखती क्षुल्लक वाटत नाहीत.

पण प्रार्थना करणाऱ्या मंडळीने एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. ज्या फायलीसाठी आपण गुडघे टेकतो, तिच्यात कधी कधी एखादा कागद असा असतो की तो खरा नाही हे घरच्यांना ठाऊक असते, एजंटाला ठाऊक असते आणि देवालाही ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त 'आमेन' म्हणणाऱ्या मंडळीला. बंधूंनो, खोट्या कागदावर देवाचा आशीर्वाद मागता येतो काय? हाच आजच्या मननाचा प्रश्न आहे.

ही परीक्षा कशी असते?

ज्यांच्या घरात अजून हा प्रसंग आला नाही त्यांच्यासाठी अमेरिकेचे उदाहरण थोडक्यात सांगतो. विद्यापीठाने प्रवेश दिला, आणि पहिल्या वर्षाचा खर्च भागेल इतकी तरतूद दाखवली, म्हणजे ते 'आय-२०' नावाचा फॉर्म पाठवते. मग विद्यार्थ्यांच्या नोंदणीची 'सेव्हिस' नावाची फी भरायची. ती २०१९ सालापासून ३५० डॉलर आहे. नंतर 'डीएस-१६०' हा लांबलचक अर्ज भरायचा, व्हिसाची फी वेगळी भरायची, आणि ठरल्या दिवशी मुंबई, हैदराबाद अशा एखाद्या शहरातील वकिलातीत मुलाखतीस उभे राहायचे. व्हिसा नाकारला तरी व्हिसाची फी परत मिळत नाही.

महिनोन् महिने तयारी केलेली असते. प्रत्यक्ष मुलाखत बहुधा दोन-चार मिनिटांतच आटोपते. काचेपलीकडचा अधिकारी विचारतो : हेच विद्यापीठ का? हाच विषय का? खर्च कोण करणार? शिक्षण झाल्यावर पुढे काय? अमेरिकेच्या १९५२ सालच्या कायद्यातील कलम २१४ (बी) असे आहे की, आपण तेथे कायमचे राहावयास जात नाही हे अर्जदाराने पटवून देईपर्यंत तो कायमचा राहावयासच निघाला आहे असे धरून चालायचे. म्हणजे पटवून देण्याचा भार आपल्या मुलावर असतो. अधिकाऱ्याचे समाधान झाले नाही तर नकार; त्यावर अपील नाही. मात्र पुन्हा नव्याने अर्ज करता येतो.

अशा वेळी मनुष्याची छाती धडधडते. आणि नेमके याच वेळी कोणीतरी कानाशी येऊन कुजबुजते, "थोडेसे खोटे बोलले तर काय बिघडले? सगळेच बोलतात." अशा तरुणाने नहेम्याकडे पाहावे.

१. नहेम्याने आधी प्रार्थना केली, मग अर्ज केला

नहेम्या शूशन राजवाड्यात अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता. किसलेव महिन्यात त्याचा भाऊ हनानी यहूदातून आला आणि यरुशलेमेचा कोट पडला आहे, वेशी जळाल्या आहेत, ही दुःखाची बातमी त्याने सांगितली. नहेम्या रडला, त्याने उपास केला, प्रार्थना केली. राजाशी त्याचे बोलणे झाले ते नीसान महिन्यात. मध्ये जवळजवळ चार महिने गेले. या चार महिन्यांत त्याची प्रार्थना चालू होती आणि त्याबरोबर विचारही चालू होता. किती दिवस लागतील, कोणती पत्रे लागतील, लाकूड कोठून मिळेल, हे सर्व त्याने मनात ठरवले होते; म्हणून राजाने विचारताच त्याला उत्तर देता आले.

आपल्यापैकी कित्येकांची रीत याच्या उलट असते. अर्ज एजंट भरतो, उत्तरे क्लासवाले पाठ करून घेतात, आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री आपण पाळकसाहेबांना फोन करतो. प्रार्थना हा शेवटचा शिक्का नव्हे. जायचे की नाही, कशासाठी जायचे, कोणत्या वाटेने जायचे, हे ठरवतानाच ती झाली पाहिजे.

नहेम्याच्या प्रार्थनेच्या शेवटी आणखी एक गोष्ट आहे. देवापुढे उभा असताना तो त्या सम्राटाचा उल्लेख केवळ 'हा मनुष्य' असा करतो. राजवाड्यात ज्याच्यापुढे सारे थरथर कापत, तो देवापुढे एक माणूसच. काचेपलीकडचा अधिकारीही तसाच एक मनुष्य आहे. त्याचा मान राखावा, पण त्याच्या भीतीने सत्य सोडू नये.

२. त्याने आपला हेतू लपवला नाही

राजाने विचारले, तेव्हा आपण फार भ्यालो असे नहेम्या स्वतःच लिहितो. भिण्यास कारणही होते. एज्राच्या चौथ्या अध्यायात पाहा : यरुशलेमेचे बांधकाम थांबवावे असा हुकूम याच अर्तहशश्ताच्या नावाने गेल्याचे तेथे लिहिले आहे. आता त्याच राजाकडे त्याच नगराच्या बांधकामासाठी रजा मागायची! प्रकृती बरी नाही, हवापालट हवा आहे, असे काहीतरी सांगून त्याला निसटता आले असते. तसे त्याने केले नाही. मनातल्या मनात स्वर्गीच्या देवाची प्रार्थना करून त्याने सांगितले की, मला यहूदात जाऊन माझ्या पूर्वजांचे नगर बांधायचे आहे.

नहेम्या उतावळेपणाने बोलला नाही. आदराने, विचारपूर्वक, मोजक्या शब्दांत बोलला. न विचारलेले सारे सांगत बसावे असे शास्त्र म्हणत नाही. परंतु विचारलेल्याचे उत्तर खोटे देऊ नये, हे शास्त्र निःसंशय सांगते. विवेकाने बोलणे आणि फसवणे यांत फरक आहे, आणि तो आपल्या मुलांना समजावून दिला पाहिजे.

एक साधे उदाहरण घ्या. अमेरिकेच्या अर्जात तेथे राहणाऱ्या नातेवाइकांविषयी स्पष्ट प्रश्न आहेत. जवळच्या नातलगांविषयी आहे, तसाच इतर नातलगांविषयीही आहे. एजंट सांगतो, "शिकागोचा मामा लिहू नकोस, अडचण येईल." लहानपणी ज्या मामाने खाऊ आणला, ज्याच्या पत्राची घरात वाट पाहिली जाई, तो एका अर्जापुरता नाहीसा होतो. आणि त्या अर्जाच्या शेवटी, लिहिलेले सर्व सत्य आहे अशी सही मुलाला स्वतःच करावी लागते. अर्ज भरण्यास दुसऱ्या कोणी मदत केली काय, हेही तेथे विचारलेले असते. तेव्हा "एजंटाने भरले, मला माहीत नव्हते" ही सबब ना वकिलातीपुढे चालते, ना देवापुढे.

जे झाकलेले आहे ते उघडे होईल असे प्रभूने सांगितले, ते या बाबतीत तर याच जगात खरे ठरते. २०१९ सालापासून व्हिसाच्या अर्जात मागील पाच वर्षांतील समाजमाध्यमांवरील खात्यांची नावे विचारली जातात, आणि २०२५ सालच्या जूनमध्ये विद्यार्थ्यांना ती खाती सर्वांस दिसतील अशी ठेवण्यास सांगण्यात आले. मामाच्या अंगणातला फोटो तेथे असला तर लपवणार काय? जाणूनबुजून महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितल्याचे ठरले, तर त्या देशाचा दरवाजा जन्मभर बंद होऊ शकतो. साधा नकार मिळालेला मुलगा पुन्हा अर्ज करू शकतो. फसवणुकीचा ठपका बसलेल्याची वाट फार कठीण होते.

कॅनडाचे प्रकरण तर पुष्कळांना आठवत असेल. २०२३ साली तेथे शिकावयास गेलेल्या अनेक भारतीय विद्यार्थ्यांवर, विशेषतः पंजाबातील मुलामुलींवर, देश सोडून जाण्याची पाळी आली. जालंधरच्या एका एजंटाने त्यांना दिलेली कॉलेजांची प्रवेशपत्रे बनावट होती. कित्येकांना हे वर्षानुवर्षे ठाऊकच नव्हते. कायम वास्तव्यासाठी अर्ज केला तेव्हा कागद तपासले गेले आणि बिंग फुटले. त्या मुलांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. त्यांतील पुष्कळ फसवले गेले होते. सांगायचे एवढेच की, प्रवेशपत्र खरे आहे की नाही हे विद्यापीठाला स्वतः पत्र लिहून विचारा. सापाप्रमाणे चतुर आणि कबुतराप्रमाणे निरुपद्रवी असावे, अशी प्रभूची आज्ञा आहे. आपण तिचा पहिला अर्धा भाग विसरतो.

३. त्याने परत येण्याची मुदत सांगितली

राजाने नहेम्याला दोन गोष्टी विचारल्या : प्रवासास किती काळ लागेल, आणि परतणे केव्हा होईल. अडीच हजार वर्षांपूर्वी शूशनच्या राजवाड्यात विचारलेला प्रश्न आजही खिडकीपुढे विचारला जातो! नहेम्याने मुदत ठरवून सांगितली. पुढे तो बारा वर्षे यहूदाचा सुभेदार होता, आणि अर्तहशश्ताच्या बत्तिसाव्या वर्षी राजाकडे परत गेला असे तेराव्या अध्यायात लिहिले आहे. शब्द देणारा माणूस शब्दाला जागला.

येथे आईबापांशी स्पष्ट बोलले पाहिजे. पुष्कळ घरांत "शिकायला पाठवतो" असे बाहेर म्हटले जाते आणि आत मात्र "एकदाचा तिकडे सेटल झाला म्हणजे सुटलो" असे बोलणे असते. मग तोच मुलगा खिडकीपुढे छातीवर हात ठेवून सांगतो की शिक्षण संपताच मी परत येणार. हे खोटे त्याने कोठे शिकले? आपल्याच जेवणाच्या पाटावर.

कोणी विचारील, "उद्याचे कोणी पाहिले आहे? पुढे नोकरी लागली, लग्न झाले, तर?" प्रश्न रास्त आहे. उद्याचा दिवस आपल्या हाती नाही, प्रभूची इच्छा असेल तर आपण हे किंवा ते करू, असे याकोब शिकवतो. शिक्षणानंतर काही काळ त्याच विषयात काम करण्याची परवानगी तेथील कायदाच देतो. ती उघडपणे घेण्यात पाप नाही. पुढे परिस्थिती बदलली आणि कायद्याच्या वाटेने वेगळा निर्णय घेतला, तर त्यातही खोटेपणा नाही. पण आज तोंडाने जे सांगतो ते आज मनात खरे असले पाहिजे. आजच मनात एक आणि ओठांवर दुसरे, हा मात्र खोटेपणा आहे. ज्याला स्थायिक होण्यासाठीच जायचे आहे, त्याने त्यासाठी जी कायदेशीर वाट असेल ती धरावी. विद्यार्थ्याचा वेष घेऊ नये.

४. त्याने योग्य माणसाकडून योग्य पत्रे मागितली

राजा प्रसन्न झाला तेव्हा नहेम्याने नदीपलीकडच्या सुभेदारांसाठी पत्रे मागितली, म्हणजे ते आपल्याला यहूदापर्यंत जाऊ देतील. राजाच्या वनाचा रक्षक आसाफ याच्यासाठीही, लाकूड मिळावे म्हणून, त्याने पत्र मागितले. देवावर भरवसा असणाऱ्या माणसाला कागदांची लाज वाटली नाही. कागदपत्रे नीट जमवणे म्हणजे विश्वास कमी असणे नव्हे. परंतु ज्याला पत्र देण्याचा अधिकार होता त्याच्याकडूनच नहेम्याने ती घेतली, आणि त्यांत लिहिले ते खरे होते.

आपल्याकडे सर्वांत मोठा मोह पैशाच्या कागदाचा असतो. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे खर्चाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. मग सुरू होते धावाधाव : याच्याकडून पाच लाख, त्याच्याकडून तीन लाख, २८ दिवस खात्यात ठेवायचे आणि एकोणतिसाव्या दिवशी परत करायचे. मंडळीतला एखादा सधन बंधू हे 'मदत' म्हणून करतो. पण विचार करा. ती रक्कम शिक्षणासाठी नाहीच. ती दाखवण्यासाठी आहे. मुलगा तेथे पोचतो तेव्हा खाते रिकामे असते. पुढच्या सत्राची फी कोठून भरायची? अमेरिकेत विद्यार्थ्याला सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्यास २० तासांपर्यंतच काम करता येते. तेवढ्यात फी निघत नाही. म्हणून तो चोरून काम करतो, वर्ग बुडवतो आणि प्रत्येक दारावरच्या टकटकीला दचकतो. एका खोट्याने दहा खोट्यांना जन्म दिलेला असतो. खरी मदत करायची असेल तर ती रक्कम त्याला खरोखर द्या, किंवा खरे कर्ज म्हणून लिहून द्या.

बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असा दाखला प्रभूने दिला (लूक १४). शैक्षणिक कर्जाच्या नमुना योजनेप्रमाणे साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँका सामान्यतः तारण मागतात. आणि पुष्कळदा ते तारण म्हणजे बापाने निवृत्तीच्या पैशातून बांधलेले घर असते. घर गहाण टाकावे की नाही हे कुटुंबाने प्रार्थनापूर्वक ठरवावे. पण हिशेब उघड्या डोळ्यांनी व्हावा, आणि मुलालाही तो पूर्ण सांगावा.

५. नकार आला तर?

सत्य सांगूनही नकार येऊ शकतो. ही गोष्ट लपवून मी हे प्रवचन करणार नाही. खरे बोलणाऱ्याला व्हिसा मिळतोच, असे वचन शास्त्रात कोठेही नाही. मग काय समजायचे?

पौल व त्याचे सोबती आशियात वचन सांगू पाहत होते, त्यांना मना झाली. बिथुनियाकडे वळले, तीही वाट मिळाली नाही. उद्देश उत्तम, माणसे प्रामाणिक, प्रार्थना निष्ठेची, तरी दोन दारे बंद! ते त्रोवसास गेले, आणि तेथे रात्री मासेदोनियाच्या मनुष्याचा दृष्टान्त झाला. देवाने त्यांना टाकले नव्हते. तो त्यांना चालवीत होता.

आपल्याच लोकांतील दाखला हवा असेल तर पंडिता रमाबाईंचा घ्या. १८८२ साली लिहिलेल्या 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या उत्पन्नातून प्रवासखर्च उभा करून त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वैद्यकीय शिक्षण घ्यावे हा त्यांचा हेतू होता. पण कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे ती वाट बंद झाली. त्या हताश होऊन परतल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकल्या व संस्कृत शिकवू लागल्या. १८८६ साली अमेरिकेस गेल्या, तेथे बालशिक्षणाच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला, आणि १८८९ साली परत येऊन मुंबईत 'शारदा सदन' उघडले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हजारो अनाथ स्त्रिया व मुलांना आसरा मिळाला. डॉक्टर होण्याचे दार बंद झाले. पण ज्या कारणासाठी त्या गेल्या होत्या, ते कारण बंद झाले नाही. आणि त्या परत आल्या.

म्हणून नकार मिळालेल्या तरुणा, अधिकाऱ्याचा नकार हा देवाचा नकार आहे असे लगेच समजू नकोस. अर्जात खरोखर काही उणे राहिले असेल तर ते दुरुस्त करून पुन्हा प्रयत्न कर. दार बंदच राहिले तर येथे काय करायचे आहे ते देवाला विचार. आणि व्हिसा मिळालेल्या तरुणा, तो मिळाला म्हणजे देवाने तुझ्या सर्व कागदांवर संमतीची सही केली, असेही समजू नकोस.

मंडळीचे कर्तव्य

शेवटी मंडळीविषयी दोन शब्द. पाळकांकडे व पंचांकडे शिफारसपत्रे मागितली जातात. जो मुलगा वर्षभर उपासनेस आला नाही, तो 'तरुण संघाचा कार्यकर्ता' होता असे लिहून देणे ही दया नव्हे. मंडळीच्या शिक्क्याखाली प्रभूचे नाव असते. पत्र अवश्य द्या, पण खरे द्या. आणि लिहिण्यासारखे काही नसेल तर त्या मुलाला जवळ बसवून तसे प्रेमाने सांगा.

नकार आलेल्या घराकडे "काय झाले, का नाकारला?" असे विचारत जाऊ नका. ज्यांनी मुलाखतीसाठी प्रार्थना केली त्यांनी नकारानंतरही त्याच घरी जाऊन प्रार्थना करावी. मुलगा पुढच्या रविवारी उपासनेला येण्यास लाजला, तर ती लाज त्याची नाही, आपली आहे.

संडे स्कूलच्या शिक्षकांनी मोठ्या वर्गात नहेम्याचा दुसरा अध्याय अवश्य घ्यावा. एका मुलाला राजा करा, एकाला नहेम्या, आणि प्रश्नोत्तरे होऊ द्या. मग विचारा : नहेम्या खोटे बोलला असता तर कोट बांधून झाला असता काय? कदाचित झालाही असता, असे एखादा चुणचुणीत मुलगा म्हणेल. त्याला गप्प करू नका. त्याला विचारा : मग त्या कोटावर उभे राहून देवाची स्तुती करताना नहेम्याला काय वाटले असते? आज बारा वर्षांचे असलेले हेच मूल दहा वर्षांनी त्या खिडकीपुढे उभे राहील. तेथे त्याच्याजवळ पाळक नसतील, आईबाप नसतील, शिक्षक नसतील. काचेपलीकडे एक अनोळखी मनुष्य असेल, आणि या मुलाचे होय हे होय व नाही हे नाही आहे की नाही, हे त्या दोन मिनिटांत ठरेल. साक्ष देण्यासाठी आपण व्यासपीठ शोधतो. प्रभू कधी कधी खिडकी देतो.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, परदेशी शिकावयास निघालेल्या आमच्या मुलामुलींसाठी आम्ही तुझ्याकडे येतो. त्यांच्या ओठांवर सत्य ठेव आणि मनातील भीती काढून टाक. आईबापांना खोट्या वाटेपासून राख. ज्यांना दार उघडेल त्यांना नम्रता दे, ज्यांना बंद होईल त्यांना धीर दे. आणि आम्हा मंडळीला असे कर की, ज्यावर तुझे नाव घेता येईल अशाच कागदासाठी आम्ही हात जोडू. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.